इतिवृत्ताचं तिसरं पान

१

तिसरं पान बदललेलं आहे हे एदेलमिरा बारियांच्या लक्षात आलं ते वाचताना नव्हे, पान उलटताना.

बैठकीचं इतिवृत्त चार पानांचं होतं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पानाच्या कोपऱ्यात जुन्या पिनेच्या गंजाचा तांबूस डाग पडला होता. लिउके बंदराच्या खाऱ्या हवेत पिन महिनाभरातच गंजते. तिसऱ्या पानाचा कोपरा मात्र स्वच्छ होता. तिथे नव्या पिनेची दोन भोकं तेवढी होती.

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. ‘सर्जिकल वॉर्डात सहा खाटा वाढवण्याचा प्रस्ताव नर्सिंग उपसंचालक रोसाल्बा ओयार्सो यांनी मांडला. सध्याच्या नर्सेसमध्येच काम भागेल असे त्यांनी सांगितले. ठराव सर्वानुमते मंजूर.’

हा ठराव चार एप्रिलचा. बारा मेच्या रविवारी दुपारी, वाढवलेल्या त्या सहा खाटांपैकी एकीवर फ्लोरिंदा नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई गेली. समुद्रावर शेवाळ गोळा करून विकणारी. आदल्या दिवशी पित्ताशयाचं साधं ऑपरेशन झालं होतं. आतल्या आत रक्त वाहत राहिलं. तिने बेल दाबली होती, पुन्हा पुन्हा दाबली होती. अठ्ठावीस पेशंट आणि नर्स एकच. ती नर्स त्या वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याचा बंद पडलेला श्वास सुरू करत होती. म्हातारा वाचला.

चौकशीसाठी आरोग्य खात्याने एदेलमिराबाईंना पुएर्तो मोंतहून बोटीने इकडे पाठवलं, ते त्या पस्तीस वर्षं नर्स होत्या आणि त्यातली अकरा वर्षं मोठ्या रुग्णालयाच्या नर्सिंग प्रमुख होत्या म्हणून. खात्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती आणि बाईंनी ती सांगितलीही नव्हती. रोसाल्बा ओयार्सो त्यांची विद्यार्थिनी होती. सगळ्यांत लाडकी.

या रुग्णालयात पूर्वी बैठक संपली की मेट्रनला आत बोलावून निर्णय ऐकवले जात. ती मान डोलवून परत जाई. तिथे व्यवस्थापनाच्या टेबलाशी नर्सची खुर्ची आणि नर्सचं मत आणायला रोसाल्बाला नऊ वर्षं झगडावं लागलं होतं. कमी माणसांत जास्त खाटा चालवणं म्हणजे कोणाचा तरी जीव घेणं, हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की डॉक्टर तिची नक्कल करत. तीच रोसाल्बा म्हणते, सध्याच्या नर्सेसमध्येच काम भागेल?

पानाच्या तळाशी तिची छोटी सही होती. बाईंनी चष्मा पुसला आणि चारही पानांवरच्या सह्या शेजारी शेजारी धरल्या. तीन सह्या उजवीकडे झुकलेल्या, झरझर केलेल्या होत्या. तिसऱ्या पानावरची अक्षरं तीच, पण डावीकडे कललेली आणि थरथरती.

कोणीतरी रोसाल्बाची खोटी सही करून तिला फासावर चढवत होतं. निदान त्या सकाळी बाईंची तशी खात्री झाली.

२

कार्कामो प्रशासन बघायचे. माणूस नीटनेटका. टेबलावर एक कागद वाकडा नव्हता. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि विचारायच्या आधीच बोलायला लागले. संचालक त्या दिवशी सान्तियागोला गेले होते, त्यामुळे अध्यक्षस्थानी रोसाल्बाबाईच होत्या. सर्जन अर्ध्यातून ऑपरेशनला उठून गेले. राहिले ते स्वतः, रोसाल्बाबाई, टिपणं घेणारी सुलेमा आणि वॉर्डाची इनचार्ज मुलगी.

“ती काय म्हणाली?”

“ती काय म्हणणार? पहिल्यांदाच आली होती बैठकीला. बसली होती.”

बाईंनी कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात ते विचारलं. संचालकांकडे, सुलेमाकडे आणि माझ्याकडे, असं कार्कामोंनी अगदी मोकळेपणाने सांगितलं. मग ते जरा पुढे झुकले.

“बाई, तुम्हाला वाईट वाटेल, पण बोलतो. खुर्ची पाहिजे, मत पाहिजे, म्हणून या लोकांनी रान उठवलं होतं. दिली खुर्ची. आता निर्णय चुकला तर तोही अंगावर घ्यायला नको का? मी वर लिहिणार आहे, नर्सिंगला सल्ल्यापुरतं बोलवा, मताचा अधिकार नको. आणि खाटा राहू द्या. मागितल्या त्यांनीच आहेत, लेखी आहे.”

 या पानाचा फायदा कोणाला, हे शोधायला बाईंना लांब जावं लागलं नव्हतं. किल्ली होती, कारण होतं. आता फक्त पान टाईप कोणी केलं तेवढं कळायचं होतं.

३

सुलेमा सव्वीस वर्षं त्याच खुर्चीवर बसून चिटणीस म्हणून काम करत होती. खिडकीत तिने विणायला घेतलेली लोकर ठेवली होती. प्रत्येक पानावर अध्यक्षाच्या सहीशेजारी तिची सही लागे, आणि तिसऱ्या पानावरही तिची सही होती. स्वच्छ, ओळखू येणारी, तिचीच.

पिन नवी का, असं बाईंनी विचारलं. गठ्ठा हातातून पडला, पानं सुटली, म्हणून पुन्हा टाचली, असं ती म्हणाली. मग तीन पानांवर गंज आणि एकावर नाही, असं कसं, हे बाईंनी विचारलं. तिने माते नावाच्या कडवट पानांच्या चहाच्या भांड्यात गरम पाणी ओतायला घेतलं आणि अर्धं टेबलावर सांडलं.

बाईंनी तिच्या हातातली किटली काढून खाली ठेवली. कार्कामोंनी हे पान टाईप करायला लावलं असेल तर सांग, मी तुझ्या नोकरीला धक्का लागू देणार नाही, असं त्यांनी समजावलं.

“कार्कामो?” सुलेमाने मान वर केली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. “नाही हो. त्यांनी तर ते छापून झालेलं पाहिलं आणि नुसते हसले. म्हणाले, असू दे, छान आहे.”

“मग कोणी लावलं?”

सुलेमाने फडक्याने ओलं टेबल पुसलं.

“रोसाल्बाबाई तुम्हाला ‘बाई’ म्हणतात ना? तुम्ही शिकवलंत त्यांना,” ती म्हणाली. “मग पाया पडते, याच्यापुढे विचारू नका.”

४

रोसाल्बाचं घर पाण्यावर खांब रोवून उभं केलेल्या घरांच्या रांगेत होतं. दार उघडायला तिला वेळ लागला. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

“सोळा तारखेला पडले, बाई. मागच्या पायऱ्यांवरून. फ्लोरिंदाला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी,” ती म्हणाली आणि हसण्याचा प्रयत्न केला. शेवटच्या भेटीनंतरच्या दोन वर्षांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती.

तिने बटाट्याची गरम भाकरी आणि चहा पुढे ठेवला. बाई बोलत होत्या ते खाटांबद्दल; ती उत्तर देत होती ते बाईंच्या गुडघेदुखीबद्दल. शेवटी तिनेच विषय संपवला. प्रस्ताव माझा होता, पान खरं आहे, सही माझी आहे, माझा जबाब लिहून घ्या आणि मला काढून टाका, असं ती सरळ म्हणाली. बाईंनी लिहून घेतलं. कागद तिच्यापुढे सरकवला. रोसाल्बाने पेन डाव्या हातात धरलं, ओठ चावला आणि हळूहळू सही केली.

बाईंना पुढची पायरी कळायला तेवढं पुरे झालं. अक्षरं डावीकडे कललेली, थरथरती. तिसऱ्या पानावरची सही खोटी नव्हती. ती रोसाल्बाचीच होती, पण चार एप्रिलची नव्हती. हात मोडला तो सोळा मेला. म्हणजे फ्लोरिंदा गेल्यावर, खात्याने इतिवृत्त मागवल्यावर, रोसाल्बाने स्वतःविरुद्धचं पान टाईप करवून त्यावर स्वतःच्या हाताने सही केली होती.

“रोसा, हे तू केलंस.”

तिने पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला. एका हाताने ते लागेना.

“बोट चुकेल तुमची,” ती म्हणाली.

५

त्या दिवशी बाईंनी बोट धरलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या एका रिकाम्या खोलीत बसून त्यांनी पुन्हा चारही पानं काढली. काल सगळं लक्ष तिसऱ्या पानावर होतं. आज त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि उरलेली तीनच वाचली. माणूस एक पान बदलताना बाकीची विसरतो, हे त्यांनी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं.

पहिल्या पानावर हजर असलेल्यांची नावं. शेवटचं नाव मारिसेल वेंचूर, सर्जिकल वॉर्ड इनचार्ज, निमंत्रित. चौथ्या पानावर किरकोळ विषय, आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘खाटांच्या विषयावर वॉर्डाचे म्हणणे स्पष्टपणे मांडल्याबद्दल अध्यक्षांनी मारिसेल वेंचूर यांचे आभार मानले.’

खाटांचा विषय तिसऱ्या पानावर होता. तिथे मारिसेलचा एक शब्दही नव्हता. आणि कार्कामो तर म्हणाले होते, ती नुसती बसली होती. जी बोललीच नाही तिचे आभार कोणी मानत नाही. म्हणजे पान बदलून जे पुसलं गेलं ते तिचं बोलणं होतं. रोसाल्बा स्वतःला अडकवत नव्हती, दुसऱ्या कोणाला तरी सोडवत होती.

बारा मेच्या रविवारी रजेवर गेलेल्या नर्सच्या जागी वॉर्डात एकटी उभी होती ती कोण, हे बाईंना आल्या दिवसापासून ठाऊक होतं. मारिसेलच.

त्यांनी सुलेमाला हे सगळं शांतपणे सांगितलं. सुलेमाने ऐकून घेतलं, लोकरीची टोपली उचलली आणि तळाशी घडी करून ठेवलेला कागद काढून दिला. फाडून टाक असं रोसाल्बाबाईंनी सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत तिने एक कागद फाडला नव्हता. हा तरी तिच्याने कसा फाडवणार.

कोपऱ्यात गंजाचा डाग होता. ‘प्रशासन प्रमुखांनी सहा खाटांचा प्रस्ताव मांडला. आणखी दोन नर्स मिळाल्याशिवाय खाटा वाढवू नयेत, अन्यथा पेशंटच्या जिवाला धोका आहे, असे अध्यक्ष रोसाल्बा ओयार्सो यांनी सांगितले. मारिसेल वेंचूर यांनी, आपला वॉर्ड आहे त्या माणसांत सांभाळेल, असे सांगितले. अध्यक्षांच्या हरकतीची नोंद घेऊन प्रस्ताव मंजूर.’

६

ते पान पाहिल्यावर रोसाल्बा रडली नाही. खुर्चीत मागे टेकून तिने डोळे मिटले आणि मग बोलायला लागली ती थांबलीच नाही.

मारिसेलला तिनेच शोधली होती, तिनेच घडवली होती. पुढे आपल्या खुर्चीवर तीच बसावी म्हणून बैठकीला घेऊन गेली होती. तिथे कार्कामोंनी नेहमीचा टोमणा मारला. नर्सेसना काहीही विचारा, उत्तर एकच, माणसं द्या. काम करून दाखवणारी एक तरी निघेल का तुमच्यात? मारिसेलचा चेहरा लाल झाला. एकोणतीस वर्षांची पोर. ताडकन म्हणाली, माझा वॉर्ड सांभाळेल.

“आणि तू?”

“मी अध्यक्ष होते, बाई.” रोसाल्बाचा आवाज खाली गेला. “मला ठाऊक होतं ती चुकतेय. त्या टेबलावर विषय तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार माझा होता. नऊ वर्षं भांडले ते त्याच एका अधिकारासाठी ना? पण मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर तिचं तोंड पडलं असतं. कार्कामो हसले असते. तिला सांभाळायला म्हणून मी फक्त हरकत नोंदवली. वर तिचे आभार मानले. मी पोरीची लाज राखली आणि फ्लोरिंदाचा जीव गेला. मग त्या पानावर हरकत घेणारी म्हणून माझं नाव का चांगलं राहावं? आणि तिचं का काळं व्हावं?”

बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. त्यांनी घेतलं नाही, कारण जे बोलायचं होतं ते मग बोलता आलं नसतं.

“तुझ्या नव्या पानाने काय होणार ते सांगते,” त्या म्हणाल्या. “खाटा नर्सेसनीच मागितल्या, असं कार्कामो वर लिहिणार. तू जाशील, तुझं मत जाईल, आणि त्या सहा खाटा तिथेच राहतील. पुढच्या एखाद्या रविवारी पुन्हा कोणीतरी एकटी असेल. धोका आहे असं एका नर्सने लिहून दिलं होतं, याचा एकुलता एक पुरावा तू पुसलास, रोसा. मेलेल्या बाईच्या बाजूने बोलणारं तेवढंच शिल्लक होतं.”

 रोसाल्बाने एवढंच मागितलं, की खरं पान द्यायचंच असेल तर द्या, पण आधी मारिसेलला कुठेतरी दुसऱ्या गावी पाठवा. ती अजून कच्ची आहे, हे तिला झेपणार नाही, मोडून पडेल.

७

मारिसेल वॉर्डातच होती. एका पेशंटचं ड्रेसिंग करत होती. बाईंकडे तिने पाहिलं, हातातलं काम पुरं केलं, हात धुतले आणि म्हणाली, “मी वाट बघत होते. महिना होत आला. मला न्यायला कोणीच कसं येत नाही?”

बाहेरच्या व्हरांड्यात दोघी बसल्या. पान बदललं गेलं हे तिला ठाऊकच नव्हतं. आपलं वाक्य कागदावर आहे आणि आज ना उद्या कोणी ते समोर ठेवणार, अशा समजुतीत ती रोज कामावर येत होती. बाईंनी दोन्ही पानं तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती वाचली. डावीकडे कललेल्या सहीवर तिचं बोट थांबलं.

“माझ्यासाठी?” तिने विचारलं. “मला न विचारता?”

बाई म्हणाल्या की रोसाल्बाला भीती होती, तुला हे झेपणार नाही.

मारिसेलने पानं परत दिली. मग सांगितलं. फ्लोरिंदाला पुरलं त्याच दिवशी, सगळे परतल्यावर, ती एकटी फ्लोरिंदाच्या नवऱ्याकडे गेली होती. एलिएसेर अंगणात शेवाळ वाळत घालत होता, कारण ते फ्लोरिंदानेच ओलं आणून टाकलेलं होतं आणि तसंच ठेवलं असतं तर कुजलं असतं. तिने त्याला उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बैठकीत मी म्हणाले की वॉर्ड सांभाळेल. तुमची बायको बेल दाबत होती तेव्हा मला ऐकू येत होतं.

“त्याने विचारलं, किती वेळ. मी म्हटलं, चाळीस मिनिटं.” मारिसेल समोरच्या भिंतीकडे बघत होती. “मग विचारलं, आणखी एक नर्स असती तर? मी म्हटलं, तर वाचली असती.  तो शेवाळ पसरत राहिला. मला जा म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. मग मीही खाली बसून पसरायला लागले. सगळं संपलं तेव्हा म्हणाला, पुन्हा येऊ नकोस.”

बाईंनी तिचा हात धरला. हात थंड होता, साबणाने खडबडीत झालेला. आपला जबाब ती तिथेच लिहून द्यायला तयार होती, आणि तो तिने एकही शब्द न खोडता लिहिला.

८

बोटीला दोन तास होते. बाई पुन्हा त्या खांबांवरच्या घरी गेल्या आणि मारिसेलने जे सांगितलं ते जसंच्या तसं रोसाल्बाला सांगितलं. खरं पान, सुलेमा आणि मारिसेलचे जबाब आणि रोसाल्बाचा नवा, खरा जबाब वर जाणार होते. सहा खाटा त्याच आठवड्यात बंद कराव्यात, अशी शिफारस बाईंनी लिहिली होती. कार्कामोंचं खोटंही त्यात होतं. रोसाल्बाची नोकरी वाचणार नव्हती. सरकारी कागद बदलणं म्हणजे गुन्हाच. त्याबद्दल तिने काही विचारलं नाही.

“कधी गेली म्हणालात एलिएसेरकडे?”

“पुरलं त्याच दिवशी.”

रोसाल्बाने मनात दिवस मोजले असावेत. तिने ते पान लिहवून घेतलं तेव्हा जे लपवायचं होतं ते आधीच सांगून झालेलं होतं.

“तिला कामं शिकवली, औषधं शिकवली, माणसांशी बोलायला शिकवलं,” ती म्हणाली. “सात वर्षं माझ्या हाताखाली होती. आणि मी तिला ओळखलंच नाही, बाई. बैठकीत तिचं तोंड पडेल म्हणून घाबरले. नंतर ती मोडेल म्हणून घाबरले. दोन्ही वेळा मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर…”

 आता मात्र ती रडली. बाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं. वर्गात पहिल्या वर्षी, पहिला पेशंट गेल्यावर, अशीच रडली होती का, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना.

थोड्या वेळाने रोसाल्बाने तोंड धुतलं आणि कोट मागितला. प्लास्टरचा हात बाहीत जात नव्हता. बाईंनी कोट नुसता खांद्यावर टाकला आणि समोरची बटणं लावून दिली. चढावरून दोघी सावकाश गेल्या. मारिसेलची पाळी संपली होती. ती बेकरीच्या मागे एका खोलीत राहायची.

बाई रस्त्याच्या अलीकडेच थांबल्या. रोसाल्बाने डाव्या हाताने दार वाजवलं. मारिसेल दारात आली. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. रोसाल्बा काहीतरी म्हणाली, ते बाईंना इतक्या लांबून ऐकू आलं नाही. मारिसेलने नकारार्थी मान हलवली. रोसाल्बा पुन्हा काही म्हणाली. मुलीच्या चेहऱ्यावर राग होता, स्वच्छ राग. तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. ती दारातून हलली नाही. रोसाल्बाही हलली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मारिसेल एक पाऊल मागे सरली, आत जायला वाट करून दिली. दार लागलं.

बाई बंदराकडे उतरायला लागल्या.